प्रसूतीविम्याचा जादा हप्ता: आम्ही मांडलेला हिशेब

सर्वसाधारण आरोग्य विम्यातून बाळंतपणाचा खर्च मिळत नाही. पॉलिसीतल्या वगळलेल्या बाबींच्या यादीत 18 क्रमांकाच्या कोडखाली तसे स्पष्ट लिहिलेले असते; सिझर, गुंतागुंतीची प्रसूती आणि अपघाताविना झालेला गर्भपात हे सारे त्यात येते, अपवाद फक्त गर्भाशयाबाहेरच्या गर्भधारणेचा. त्यामुळे कंपन्या वेगळा हप्ता घेऊन प्रसूतीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचे जादा संरक्षण, देतात. आमच्या एजंटनेही तो सुचवला.

जादा हप्ता वर्षाला 8,500 रुपये होता. (वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला आहे, त्यामुळे आकडा जरा हलका वाटतो.) प्रतीक्षा कालावधी तीन वर्षांचा, म्हणजे चौथा हप्ता भरल्याखेरीज दावाच करता येणार नाही आणि तोवर आमचे 34,000 रुपये गेलेले असणार. त्याबदल्यात नॉर्मल प्रसूतीला 35,000 आणि सिझरला 50,000 ही कमाल मर्यादा होती. पुण्यातल्या ज्या खासगी रुग्णालयात नाव घालायचे मनात होते, तिथला सिझरचा अंदाजे खर्च लाखाच्या वर होता. एवढीच रक्कम बँकेत आवर्ती ठेवीत टाकली, तर व्याजही मिळते आणि मूल दुसऱ्याच वर्षी झाले म्हणून कोणी पैसे अडवत नाही.

बाळंतपणाचा खर्च मोठा असला तरी बहुतेक वेळा अंदाजात बसतो. बाळाचा बसेलच असे नाही. कमी दिवसांचे मूल पेटीत ठेवावे लागले, तर बिल दिवसागणिक चढते, आणि बऱ्याच पॉलिसींत बाळाचे नाव नव्वद दिवसांनंतरच घालता येते. म्हणून रायडरच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेल्या ‘नवजात बाळाचाही समावेश’ या ओळीने मी थोडी विरघळले होते. अटींचा मूळ कागद मागवून वाचला, तेव्हा बाळाचा खर्च त्याच 50,000 च्या आत धरलेला निघाला. सिझरमध्येच जी मर्यादा संपणार, तिच्यात बाळासाठी काय उरणार? हे संरक्षण संपूर्ण विमा रकमेइतके असते, तर मी हप्ता मुकाट्याने भरला असता.

माझ्या कार्यालयाच्या समूह विम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षा नाही आणि बाळही पहिल्या दिवसापासून धरले जाते. फक्त जन्मानंतर ठरलेल्या मुदतीत एचआरला कळवावे लागते. नोकरी सुटली की हे सारे जाते, ही त्यातली मेख आहेच. पण तीन वर्षे थांबायला लावणारा रायडर तरी त्या वेळी लगेच कुठे कामाला येणार होता? ज्यांच्याकडे समूह विमा नाही आणि मूल तीन-चार वर्षांनीच हवे आहे, त्यांनी मात्र बाळाच्या संरक्षणाची मर्यादा पाहूनच ठरवावे. आम्ही एजंटला नकार कळवला आणि मूळ पॉलिसी तेवढी चालू ठेवली.