बिलुंडमधला बुरूज

कोपनहेगनला दादाच्या घरी पाहुण्यांसाठी एक खोली आहे आणि त्या खोलीत आयफेल टॉवर आहे. उंची 149 सेंटिमीटर, लेगोचे ठोकळे 10,001. चार रात्री मी त्याच्या पायथ्याशी झोपले. पाणी प्यायला उठायचं तर आधी अंधारात त्याचा पाय चाचपायचा, मग चप्पल. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, धूळ पुसायला ब्रश आणलाय, रंगाचा, बारीक. दर शनिवारी पुसते. माझ्या सासूबाईंच्या फोटोला पण एवढी माया मिळत नाही."

दादा आता 58 वर्षांचा आहे. लॉकडाऊनमध्ये घरात कोंडल्यावर त्याने पहिला डबा आणला, फुलांच्या गुच्छाचा, वहिनींच्या वाढदिवसाला. तो गुच्छ त्यानेच जोडला. त्यानंतर काळ्या खोक्यांची रांग लागली. मोठ्यांसाठीच्या संचांची खोकी काळी असतात आणि त्यांच्यावर 18+ छापलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा काय उघड्यावर ठेवायचा माल आहे का!

कोपनहेगन तीन दिवसांत झालं. जलपरीचा पुतळा बघितला. लहान आहे.

चौथ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ह्यांना एकदाचं बिलुंडला घेऊन जा. तुमचं निमित्त होईल. एकटे जायची लाज वाटते त्यांना." बिलुंड म्हणजे लेगो कंपनीचं गाव. दादा पेपरात तोंड घालून बसला होता, पण पान उलटत नव्हता.

आता इथे थोडी मागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिरजेला आमच्या घरात एक मेकॅनो होता. लोखंडी पट्ट्या, नट, बोल्ट, दोन चाकं. मुंबईच्या काकांनी आणला होता, आणि आणला होता तो दादासाठी. माझ्याकडे एक स्टीलची वाटी असायची, तिच्यात नट-बोल्ट. "नट दे. बारका नको, मोठा. पट्टी दे, पाच भोकांची." क्रेन झाली की दादा ती वाड्यात सगळ्यांना दाखवत फिरायचा. मी वाटी धुऊन स्वयंपाकघरात ठेवायची, कारण ती आमटीची वाटी होती. दिवाळीच्या किल्ल्याचंही तेच. माती कालवायची मी, गोणपाट भिजवायचं मी, हळीव पेरून रोज पाणी शिंपडायचं मी. सिंहासनावर महाराज बसवायचे मात्र दादाने. भांडण कधी झालं नाही. भांडायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

तर 17 ऑक्टोबर 2025, वसुबारस. घरी पुण्यात सूनबाईने गाय-वासरू पुजलं आणि फोटो पाठवला. मी तेव्हा समुद्राखाली होते. कोपनहेगनहून पश्चिमेला जाणारी गाडी आधी समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यात शिरते, एका चिमुकल्या बेटावर वर येते आणि लगेच लांबलचक पुलावर चढते. खिडकीतून पाणीच पाणी. दोन तासांहून थोडं जास्त बसलं की वायले येतं. बिलुंडला रेल्वे नाही, तिथून बस. गंमत म्हणजे या सहा-सात हजार वस्तीच्या गावाला रेल्वे नाही, पण आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. 1964 सालचा. खेळणी करणाऱ्या कंपनीची स्वतःची धावपट्टी होती, तिचाच झाला.

बसमध्ये चढलो आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. प्रत्येक सीटवर मूल. दोन सीटच्या मध्ये मूल. मांडीवर मूल, त्याच्या मांडीवर बाहुली. दादाला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "हो, 42वा आठवडा ना. शाळांना शरदाची सुट्टी असते." इथे आठवड्यांना नंबर असतात आणि सगळ्या देशाला ते पाठ असतात. तुला पाठ होतं तर हा आठवडा का निवडलास, हे मी विचारलं नाही. वहिनी रोज विचारतात, तेवढं पुरे.

लेगो हाऊस लांबून दिसतं ते कुणीतरी पांढरे ठोकळे एकावर एक टाकून निघून गेल्यासारखं. असे एकवीस ठोकळे. डेन्मार्कच्याच वास्तुरचनाकार ब्यार्क इंगेल्स यांच्या कंपनीचं काम, 2017 मध्ये उघडलं. सगळ्यात वरच्या ठोकळ्यावर आठ गोल झरोके, म्हणजे विटेवरची आठ बटणं. आत जिन्याच्या मधोमध पंधरा मीटर उंचीचं झाड, त्रेसष्ट लाखांहून जास्त ठोकळ्यांचं. शेंड्यावर बांधकामाची क्रेन ठेवली आहे, म्हणजे झाड अजून वाढतंय. दादा आकडे सांगत होता. आमचे बाबा शिर्डीच्या बसमध्ये टायरचा दाब सांगायचे तसा.

तळघरात कंपनीचा इतिहास मांडला आहे. तो दादाला तोंडपाठ, म्हणून मी पाट्या न वाचता त्याचंच ऐकलं. ओले कर्क क्रिस्तियनसन हा इथला सुतार. 1932 साली मंदीत घरबांधणीची कामं बंद पडली, त्याच वर्षी बायको गेली, पदरात चार मुलगे. तो इस्त्रीचे टेबल, शिड्या आणि लाकडी खेळणी करायला लागला. त्याची लाकडी बदकं काचेत आहेत, ओढली की चोच उघडणारी. एकदा त्याच्या तिसऱ्या मुलाने, गोटफ्रेडने, बदकांना वार्निशचे तीन हात द्यायचे ते दोनच दिले आणि पैसे कसे वाचवले ते बापाला कौतुकाने सांगितलं. बापाने त्याला स्टेशनवर परत पाठवलं. माल सोडवून आण, तिसरा हात दे, पुन्हा बांध, आणि हे सगळं एकट्याने. पुढे याच गोटफ्रेडने 28 जानेवारी 1958 रोजी आजच्या ठोकळ्याचं पेटंट मागितलं. आधीचे ठोकळे खालून पोकळ असत, बसायचे पण धरायचे नाहीत. आत नळ्या घातल्यावर वरची बटणं त्यांच्यात घट्ट अडकायला लागली. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. म्हातारा त्याच मार्चमध्ये वारला. दादा हे सांगत असताना शेजारी एक जर्मन आजोबा उभे होते. मराठी ओ की ठो कळत नसून दर वाक्याला मान हलवत होते.

यानंतर दादा वरच्या दालनात गेला. तिथे जगभरच्या हौशी मोठ्या माणसांनी बनवलेल्या वस्तू ठेवतात, मधोमध तीन डायनोसॉर. मी म्हटलं, तू हो पुढे, मी जरा बसते. गुडघे. बसायला जागा होती ती लाल विभागात, ठोकळ्यांच्या हौदाच्या काठावर. भिंतीवरून ठोकळ्यांचा धबधबा उतरतो आणि खाली हौद भरलेला. हात घातला तर धान्याच्या कणगीत हात घातल्यासारखा थंड आणि खोल गेला. आवाजही तसाच.

मी एक करडा ठोकळा काढला. मग त्याच्यावर दुसरा. टक्. हा आवाज बारीक आहे, पण बोटांना आधी कळतो. पाच मिनिटांत माझ्यापुढे एक करडी भिंत होती आणि ती किल्ल्याची होती. मी काही ठरवलं नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हात दुसरं काय करणार?

पहिली भिंत उभी राहिली आणि बोट लावताच दोन तुकडे होऊन पडली. सांध्यावर सांधा आला होता. आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा गवंडी पोऱ्याला रोज ओरडायचा, "सांधा मोड रे, सांधा मोड!" वरची वीट खालच्या दोन विटांच्या मध्यावर यायला हवी. तशी रचली तर भिंत हलेना. मला एकदम मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पण बुरूज! चौकोनी विटांचा गोल बुरूज कसा करायचा? माझा बुरूज पाण्याच्या टाकीसारखा दिसत होता. कोपरे काढले तर पायऱ्या-पायऱ्या झाल्या. तीनदा मोडला. मातीत हे कधी अडलं नव्हतं, ओला हात फिरवला की गोल.

समोर साठीची एक बाई बसली होती, पांढरे केस, गळ्यात वाचायचा चष्मा. बरोबर मूलबीळ नव्हतं. बराच वेळ माझी मोडतोड बघत असावी. तिने काही न बोलता दोन बटणांची एक वीट घेतली, तिच्याशेजारी एका बटणाचा गोल दाणा ठेवला, मग वीट, मग दाणा. वरच्या थरात एक घर सरकून पुन्हा तसंच, म्हणजे खालच्या दाण्यावर वीट येईल आणि सांधा मोडेल. चार थर झाल्यावर तिने त्या सरळ भिंतीची दोन टोकं धरली आणि भिंत वाकवली. भिंत वाकली! दाण्यांना कोपरे नाहीत, त्यामुळे विटांना वळायला जरासा वाव मिळतो. प्रत्येक सांधा बिजागरीसारखा थोडा थोडा फिरतो आणि सगळी भिंत चंद्रकोर होते. मी "अगं बाई!" म्हणाले. ती हसली. तिला ते समजलं असणार.

आता दाणे हवेत. हरभऱ्याएवढे दाणे, लाखो ठोकळ्यांच्या हौदात. पण तांदूळ निवडण्यात माझं आयुष्य गेलं आहे. हौदातला ढीग पुढ्यात पसरला, एका हाताने सारायचं, दुसऱ्याने वेचायचं. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. वीस मिनिटांत माझ्याकडे साठ-सत्तर दाणे होते, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांचा एक मुलगा येऊन त्या ढिगाकडे बघायला लागला. मी ढिगावर ओढणी टाकली. तो तसाच उभा. मी छताकडे बघितलं. चोपन्न वर्षांची, दोन नातवंडांची आजी. शेवटी त्याने ओढणीचं टोक सभ्यपणे उचललं, तीन दाणे घेतले, टोक पुन्हा होतं तसं ठेवलं आणि गेला.

अर्धा बुरूज झाला होता तेव्हा दादा आला. जेवायला शोधत होता म्हणे, दीड तास झाला होता. मला वाटलं, आता हसणार. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "दरवाजा चुकला."

"काय चुकला?"

"समोर दिसतोय. दोन बुरुजांच्या आत वळवून घे. गोमुखी. शत्रूला दार दिसताच कामा नये. रायगडाला बघितलंस ना?"

बघितलंय. दादापेक्षा चार वेळा जास्त बघितलंय, पायऱ्या चढून, तो रोपवेने गेला होता. पण म्हणत होता ते बरोबर होतं. दार समोरून दिसलं तर हत्तीला धावत येऊन धडक द्यायला वाट मिळते. वळण असलं की वेग मोडतो आणि वरून दगड टाकायला बुरूज असतोच.

दादा उकिडवा बसायला गेला, गुडघे वाजले, मग सरळ मांडी घालून बसला. एक-दोन विटा काढल्या, दार मोकळं केलं. आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "करडी दे. चार बटणांची."

माझा हात ढिगाकडे गेलाही होता. चार बटणांची करडी वीट बोटांत आलीही होती. ती मी बुरुजावर लावली.

"तुझ्या डाव्या हाताला आहेत बघ," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. क्षणभर काहीच बोलला नाही. मग डावीकडे वळून स्वतः शोधायला लागला. त्याला निवडता येत नाही. वरवर हात फिरवतो, एक वीट सापडायला दोन मिनिटं. मी तोवर दुसरा बुरूज वाकवला.

जेवण तीन वाजता झालं. तिथे ऑर्डरही ठोकळे जोडून द्यायची असते आणि डबे यंत्रमानव देतो. दादाला हे पुन्हा पुन्हा सांगायचं होतं, पण माझं लक्ष नव्हतं. किल्ला तसाच ठेवून आलो होतो. परत जाऊन बघितलं तर एका बुरुजावर कुणीतरी पिवळं फूल खोचलं होतं आणि तटाची एक बाजू जहाज झाली होती. जहाजाच्या शिडाशी माझे तीन दाणे. मी फोटो काढून सूनबाईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, मावळे कुठायत?"

निघताना प्रत्येकाला सहा लाल ठोकळ्यांचं पाकीट मिळतं, दोन बाय चारचे, तिथल्याच यंत्रातून पडलेले. बरोबर एक कार्ड, त्यावर ते सहा कसे जोडायचे याची एक रचना. सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, आणि त्यातली एक रचना फक्त तुमची. दादा म्हणाला, यातली प्रत्येक रचना एका सेकंदात केली तरी एकोणतीस वर्षं लागतील. मी विचारलं, न झोपता? तो म्हणाला, हो, न झोपता. मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्प.

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. वहिनींनी दिलेला चिवडा संपला. दादाने पाकीट फोडलं, मीही फोडलं. त्याची रचना माझ्यापेक्षा अवघड होती, एक ठोकळा आडवा लोंबकळणारा. मला वाईट वाटलं, मग मी माझं कार्ड त्याला दिलं आणि त्याचं घेतलं. त्यानेही चालवून घेतलं. पाच जोडून झाले आणि पूल आला. गाडीने हिसका दिला आणि माझा सहावा ठोकळा सीटखाली गेला.

दादा खाली उतरला. मग मीही. टॉर्च लावून आम्ही दोघं डेन्मार्कच्या रेल्वेत चार पायांवर. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. उंच, लाल दाढीचा. त्याने टेबलावरचे पाच ठोकळे बघितले, आमच्याकडे बघितलं, तिकीट मागितलं नाही. आधी डावा बूट उचलून तळवा बघितला. मग उजवा.