तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांचं कच्चं पान आम्हाला कशाला हवं?

पाऊस सुरू झाला की आमच्या वाचनालयाची शालेय हायकू स्पर्धा जाहीर होते आणि माझा फोन वाजायला लागतो. गट पाचवी ते नववी, विषय पाऊस, एका मुलाचे जास्तीत जास्त दोन हायकू, इथवर कुणाचं काही म्हणणं नसतं. म्हणणं असतं ते शेवटच्या अटीबद्दल: हायकू पहिल्यांदा ज्या कागदावर लिहिला तो कागद खाडाखोडीसकट प्रवेशिकेला जोडावा. “मॅडम, कच्चं पान कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?” शिक्षक विचारतात, मुलांच्या आया विचारतात, एका मुख्याध्यापकांनी तर लेखी खुलासा मागितला. फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि त्यांचंही समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, शिक्षक लबाडी करतात असं मला वाटत नाही. माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. स्पर्धेचं पत्रक शाळेत कसं पोचतं ते मला माहीत आहे. घटक चाचणी तोंडावर, पोषण आहाराच्या नोंदी अर्धवट, कुठली तरी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरायची, आणि त्यात ‘परवापर्यंत हायकू पाठवा’. मुलं लिहून देतात. बाई किंवा सर ते वाचतात, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, एखादा शब्द बदलतात, मग ओळ बदलतात. सुधारणं हे आमचं कामच आहे, त्याचाच पगार मिळतो. हात आपोआप चालतो.

त्यातून आमच्या जुन्या पत्रकात पाच-सात-पाचची, म्हणजे तीन ओळींत अनुक्रमे तितकीच, एकूण सतरा अक्षरं असण्याची अट होती. मराठीत हा मूळचा जपानी काव्यप्रकार, हायकू, कवयित्री शिरीष पैंनी रुजवला, तो अक्षरं मोजून नाही. तीन ओळी, त्यांतल्या दोन ओळींना यमक आणि एक नेमका क्षण, एवढ्यावर तो उभा राहिला. जपानी सतरा ही आपली अक्षरंही नव्हेत. तिथे दीर्घ स्वराचा वेगळा ठोका धरतात, त्यामुळे टोक्यो हे नाव चार ठोक्यांचं होतं. हे सगळं माहीत असूनही समितीत मी मोजणीच्याच बाजूने बोलले होते. ‘पावसावर काहीही लिहा’ असं सांगितलं की मुलं ‘पाऊस माझा मित्र’ आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहितात. सतरात बसवायचं म्हटलं की ‘खूप’, ‘छान’, ‘सुंदर’ आपोआप गळतात, हे मी वर्गात पाहिलं आहे. ते मी आजही खोटं म्हणणार नाही. पुढे जे घडलं त्यानंतर मोजणीची अट निघाली, पण वर्गात मी अजूनही मुलांना बोटं मोजायला लावते. यात विसंगती आहे, असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

आता ती गोष्ट. इथे बऱ्याच जणांनी तिचा अर्धाच भाग ऐकला आहे.

सहावीतल्या एका मुलीचा हायकू आला होता. सुवाच्य अक्षर, अक्षरांची मोजणी बिनचूक:

पाऊस आला
पत्र्यावरती नाद
आजीची साद

आम्ही त्याला उत्तेजनार्थ दिलं. सफाई होती, यमक होतं, दोष काढायला जागा नव्हती. परीक्षकाला असं लेखन बरं वाटतं, कारण कुणी जाब विचारायला आलं तर दाखवता येतं.

बक्षीस समारंभाला मुलं आपापले हायकू म्हणत होती. ती व्यासपीठावर आली, माइक तिच्या उंचीला खाली केला, आणि तिने सुरू केलं, “पत्र्यावर पाऊस...” खालून तिचे सर हलक्या आवाजात म्हणाले, “पाऊस आला.” ती थांबली. पुन्हा म्हणाली, “पत्र्यावर पाऊस, आजी काय...” आता सर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “पाऊस आला! पाऊस आला!” समोरची मुलं हसली. तिने सरांकडे पाहिलं, मग पाढा म्हणावा तसा एका दमात तो छापील हायकू म्हटला आणि खाली उतरली. टाळ्याही पडल्या.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. तू आधी काय म्हणत होतीस, विचारलं. ती बोलेना. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, चुकलीस म्हणून विचारत नाहीये, मला ऐकायचंय. तेव्हा तिने म्हटला:

पत्र्यावर पाऊस
आजी काय बोलली
तोंड बघून कळलं

मला काही सुचलं नाही. कोकणात पत्र्याच्या घरात ज्याने जुलै काढलाय त्याला हे समजावून सांगायला नको. शेजारी बसलेल्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही असा तो आवाज असतो. ही मुलगी त्या आवाजात आजीचे ओठ बघत बसली होती. रोजचीच गोष्ट, पण तिने ती पकडली होती. आणि आमच्याकडे जे आलं त्यात आजी साद घालते आणि ती ऐकू येते! तिने जे पाहिलं त्याच्या नेमकं उलट. मी म्हटलं, “मग साद कुठून आली गं?” ती म्हणाली, “ते सरांचं आहे. ऐकू येत नव्हतं, म्हणून तर लिहिलं ना मी.”

मग हातातल्या प्रमाणपत्राकडे बघून तिने विचारलं, “हे सरांना द्यायचं का?”

मी नाही म्हटलं. ते तुझंच आहे म्हटलं. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं, आणि पटावं असं काही माझ्याकडे नव्हतंही. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या प्रवेशिका आल्या, तिची नव्हती.

सरांशी मी बोलले. भला माणूस. त्यांनी मला अक्षरं मोजून दाखवली: “तिची बावीस होतात, मॅडम. तुमच्याच नियमात बसत नव्हती. बाद झाली असती तर तिलाच वाईट वाटलं असतं.” खरं होतं ते. तिचं नाव यादीत यावं म्हणून ते शाळा सुटल्यावर थांबून शब्द जुळवत बसले होते. त्यांच्यावर रागवायला मला जमलं नाही, आणि राग गेलाही नाही.

“पण गुरूने शिष्याचं सुधारू नये का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. जपानातही गुरू सुधारून देतातच. तिथे ती जुनी पद्धत आहे. सतराव्या शतकातला मोठा हायकूकार बाशो आणि त्याचा शिष्य किकाकू यांची गोष्ट सांगतात. किकाकूने लिहिलं, चतुराचे, म्हणजे त्या लांब शेपटीच्या किड्याचे, पंख काढले की मिरची. बाशो म्हणाला, उलट कर: मिरचीला पंख लावले की चतुर. गोष्ट खरी असो नसो, सुधारणा मोठी आहे. पण मला त्याच दोघांची दुसरी गोष्ट जवळची वाटते, बाशोच्या शिको या शिष्याने लिहून ठेवलेली. बेडकाच्या उडीचा तो १६८६ सालचा हायकू होत असताना शेवटच्या दोन ओळी, बेडूक उडी मारतो आणि पाण्याचा आवाज, आधी झाल्या होत्या. पहिल्या ओळीसाठी किकाकूने पिवळी रानफुलं सुचवली. सुचवणं वाईट नव्हतं, जुन्या जपानी कवितेत बेडूक आणि ती फुलं जोडीनेच यायची. बाशोने ऐकून घेतलं आणि ठेवलं काय, तर जुनं तळं. साधं, बिनफुलांचं. सुचवायला किकाकू मोकळा होता, नको म्हणायला बाशो मोकळा होता. माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या मुलीला नको म्हणायची मोकळीक कुणी दिली?

जपानातलं मात्सुयामा हे मासाओका शिकी या हायकूकाराचं गाव. तिथे १९९८पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतल्या मुलांची हायकू स्पर्धा भरते. पाच-पाच मुलांचे संघ समोरासमोर बसतात, एकमेकांच्या हायकूंवर प्रश्न विचारतात, उत्तरं देतात. गुण हायकूला मिळतात, तसेच त्या चर्चेलाही. हा शब्द का, तो का नाही, हे लिहिणाऱ्यानेच सांगायचं. दुसऱ्याने घालून दिलेली ओळ अशा ठिकाणी फार वेळ टिकत नाही. आमच्याकडे तेवढा वेळ नाही, माणसं नाहीत, म्हणून आम्ही कच्चं पान मागतो. ते पकडायला मागत नाही. मुलाने आधी काय पाहिलं होतं ते कळावं म्हणून मागतो. कित्येकदा बक्षीस सुवाच्य प्रतीला मिळत नाही, कच्च्या पानावर काट मारलेल्या ओळीला मिळतं. गेल्या खेपेला एकाने ‘बेडूक ओरडतो’ खोडून ‘बेडूक गप्प झाला, कोणीतरी आलं’ असं लिहिलं होतं आणि पक्क्या प्रतीत पुन्हा ‘ओरडतो’ आलं होतं. गप्प बेडूक आम्हाला त्या पानामुळे सापडला.

आता तुम्ही न विचारलेलंही सांगते. या अटीने सगळं सुटलं असं नाही. हल्ली कच्ची पानंही पक्की करून येतात. एकाच शाळेच्या पानांवर एकाच जागी, एकाच पेनने, एकसारखी काट. म्हणजे मुलांना आम्ही खाडाखोडसुद्धा शिस्तीत करायला शिकवली. ते बघितलं की वाटतं, बक्षिसं बंद करावीत, नुसते हायकू मागवून वाचनालयाच्या भिंतीवर लावावेत. समितीतले बाकीचे म्हणतात, बक्षीस नसेल तर शाळा पत्रक उघडणारही नाहीत, आणि ती मुलगी आपल्यापर्यंत पोचलीच नसती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती पोचली ती स्पर्धेमुळेच, आणि तिने लिहायचं सोडलं असेल तर तेही स्पर्धेमुळेच.

तर यंदाही अट आहे. पान फाटकं चालेल, गणिताच्या वहीचं चालेल, मागे बेरजा असल्या तरी चालेल. हरवलं असेल तर तसं लिहा, तेवढ्यासाठी प्रवेशिका बाद होणार नाही. सरांना किंवा बाईंना एखादा शब्द सुचवावासा वाटला तर जरूर सुचवा, पण त्या कागदावर मुलाच्या हाताने एवढं लिहून घ्या: सुचवलेलं मी घेतलं, किंवा नाही घेतलं.