वर्कशॉप नोंद ५ : वारा हवा की ओढ?

मागच्या नोंदीत कबूल केलं होतं की पुढच्या वेळी कपाटाच्या ड्रॉवरांचे फोटो टाकीन. ड्रॉवर अजून सांधे कापून तसेच पडलेत. फेब्रुवारी ते मे हे चार महिने सगळे वर्कशॉपमधला भुसा आणि धूळ ओढून घेण्याच्या खटाटोपात गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: नाशिकला आमच्या घराच्या मागच्या अंगाला दहा बाय चौदा फुटांची अडगळीची खोली होती, तिचं मी वर्कशॉप केलंय. छोटा टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत), थिकनेसर (फळी तासून एकसारख्या जाडीची करणारा), राउटर (खाचा आणि कडा कोरणारा) आणि १२५ मिलिमीटरचा रँडम ऑर्बिटल सँडर (फिरत्या पॉलिश पेपरने लाकूड घासणारा) एवढी यंत्रं. लाकूड बहुतेक पाडलेल्या वाड्यांमधलं जुनं सागवान. (खिळे काढता काढता दोन ब्लेडं गेली, ते रडगाणं नोंद ३ मध्ये आहे.)

फेब्रुवारी

सागाच्या फळ्या दोन दिवस सलग घासल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं. नाक तर आधीपासूनच चोंदलेलं असायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिठाच्या गिरणीत कामाला लागलीस की काय?" सागात काही द्रव्यं अशी असतात की ज्यांची त्वचा संवेदनशील त्यांना खाज सुटते. शिसवीचंही तेच. पण पुरळ ही त्यातली साधी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ थेट पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग. वर्षानुवर्षं कारखान्यात काम करणाऱ्यांवरून हे कळलं, रविवारच्या सुतारावरून नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या रात्री एक प्रयोग केला. सँडिंग संपवून अर्ध्या तासाने खोलीतले दिवे मालवले आणि टॉर्च लावला. उजेडाच्या झोतात धूळ अजून तरंगत होती. पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास ते तासभर घेतो, त्याहून बारीक असेल तर आणखी कितीतरी. मी मात्र मशीन बंद झालं की लगेच मास्क काढून चहा प्यायचे, तिथेच, त्या खोलीत.

घरात ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम होता, सतरा लिटरचा, गाडी धुण्यासाठी घेतलेला. तो सँडरला जोडला. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मग फिल्टरवर मैद्यासारखा थर चढला आणि ओढ निम्म्यावर आली. फिल्टर झटकायचा म्हणजे जी धूळ पकडली तीच पुन्हा तोंडावर घ्यायची. म्हणून मधे सायक्लोन लावायचं ठरवलं. प्लॅस्टिकचा शंकू ऑनलाइन मिळतो. हवा त्यात कडेने शिरते, गोल गोल फिरते, जड भुसा भिंतीला घासत खाली डब्यात पडतो आणि फक्त हवा व बारीक पूड वरून व्हॅक्यूमकडे जाते.

डबा म्हणून डिस्टेंपरची वीस लिटरची रिकामी बादली घेतली. व्हॅक्यूम चालू केला, पाइपाच्या तोंडाशी एक ढलपी अडकली आणि बादली 'फट्' आवाज करून आतल्या आत चेपली. मी घाबरून मागे उडी मारली. नंतर हिशेब केला तेव्हा बादलीची दया आली. तोंड पूर्ण बंद झालं की असा व्हॅक्यूम वीसेक किलोपास्कलचा दाब फरक करतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो फरक म्हणजे जवळजवळ १४४ किलो वजन. दोन धडधाकट माणसं झाकणावर उभी केल्यासारखं.

स्वयंपाकघरातली स्टीलची धान्याची कोठी मागून पाहिली. उत्तर काय मिळालं ते इथे लिहीत नाही. शेवटी जुन्या ड्रमवाल्याकडून पन्नास लिटरचा निळा जाड ड्रम आणला, रिंगने झाकण आवळता येणारा. घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारून घ्या. माझ्यात ग्लुकोज सिरप होतं, दोनदा गरम पाण्याने धुतला तरी आठवडाभर मुंग्या येत होत्या.

सँडर, सायक्लोन, ड्रम, व्हॅक्यूम हा संच तेव्हापासून सुरळीत चालू आहे. बहुतेक सगळा भुसा ड्रममध्येच राहतो. अगदी बारीक पूड सायक्लोनला चकवून फिल्टरपर्यंत जातेच, त्यामुळे फिल्टर चांगला हवाच. माझ्या व्हॅक्यूमला बसणारा हेपा (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) मिळाला तो लावला. ज्यांना तयार संच घ्यायचा आहे त्यांनी युरोपीय वर्गवारी बघावी: एल, एम, एच. एल वर्गातून एक टक्क्यापर्यंत धूळ निसटलेली चालते, एम वर्गात ०.१ टक्का. लाकडासाठी एम वर्ग सांगतात, आणि हवेचा वेग कमी झाला की तो ओरडून सांगतोही. किंमत बघून मी तो नाद सोडला.

मार्च

इथपर्यंत आल्यावर वाटलं, प्रश्न सुटला. मग त्याच व्हॅक्यूमचा पाइप थिकनेसरला लावला. दुसऱ्याच फळीला पाइप ढलप्यांनी गच्च. सायक्लोनपर्यंत काही पोचलंच नाही.

हे असं का, ते मला गवंड्याच्या लेव्हल पाइपने समजावलं. ती पारदर्शक नळी, पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात ना, तीच. भिंतीवर यू आकारात टांगली, पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं म्हणजे पातळी दिसते, आणि एक टोक व्हॅक्यूमच्या तोंडाला बूच मारून त्यात खुपसलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक पडला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. नळी उंच घ्या, नाहीतर कुंकवाचं पाणी व्हॅक्यूमच्या पोटात जातं. (पहिल्या खेपेला गेलं.)

मग तीच नळी पिशवीत घालून नाशिकमधल्याच अंबडला गेले. तिथे ओळखीच्या एका काकांचं छोटं फर्निचर वर्कशॉप आहे, त्यांच्याकडे दोन एचपीचा डस्ट कलेक्टर आहे: खाली मोटर आणि पंखा, वर कापडी पिशवी, खाली प्लॅस्टिकची. काका आधी हसले, मग स्वतः नळी धरून उभे राहिले. पाण्यातला फरक किती? अठरा सेंटिमीटर. माझ्या गाडी धुण्याच्या व्हॅक्यूमच्या दहावा हिस्सा! काका म्हणाले, "मग आता याला थिकनेसर लाव." त्यांच्या तेरा इंची थिकनेसरमधून फळी गेली आणि जमिनीवर एक ढलपी पडली नाही.

तर दोन यंत्रांची कामं वेगळी आहेत. व्हॅक्यूमला ओढ आहे, वारा नाही. कलेक्टरला वारा आहे, ओढ नाही. भुसा पाइपात खाली बसू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. ३५ मिलिमीटरच्या पाइपातून त्या वेगाने तासाला सुमारे ७० घनमीटर हवा जाते. १०० मिलिमीटरच्या पाइपातून ५६५. आठपट. सँडरच्या बारीक छिद्रांतून हवा खेचायला जोर लागतो, तिथे व्हॅक्यूम. थिकनेसर ढलप्यांचा ढीग ओततो, तो वाहून न्यायला वारा लागतो, तिथे कलेक्टर. कलेक्टरला अडॉप्टर लावून सँडरचा बारीक पाइप जोडणारे लोक मी पाहिलेत. मांडवाचा पंखा घेऊन स्ट्रॉने उसाचा रस प्यायचा प्रकार आहे तो.

जाहिरातीतल्या आकड्यांबद्दल एक गोष्ट. तो हवेचा आकडा बहुतेक वेळा पाइप न जोडता, नवी कोरी पिशवी लावून मोजलेला असतो. शिवाय अमेरिकी लोकांचे व्हिडिओ बघून यंत्र निवडत असाल तर त्यांची वीज ६० हर्ट्झची आहे, आपली ५०. तोच पंखा आपल्याकडे सावकाश फिरतो: हवा १७ टक्के कमी, दाब ३० टक्क्यांहून जास्त कमी. आपल्याकडच्या मॉडेलला पंखा मोठा दिलाय का, हे विचारा. मी तीन दुकानांत विचारलं. दोघांना प्रश्न कळला नाही, तिसऱ्याने कव्हर उघडून पट्टी लावून दाखवली, तीनशे मिलिमीटर. नवा त्याच्याकडूनच घेणार होते, पण तेवढ्यात काकांनी सांगितलं की सातपूरला एक वर्कशॉप बंद होतंय. तिथून दोन एचपीचा जुना कलेक्टर चौदा हजारात मिळाला. पंखा तेवढाच, बेअरिंग नवी टाकली.

एप्रिल

कलेक्टर आणला तो मागच्या अंगणात ठेवून सुरू केला, नेमका कुरडयांच्या दिवशी. गच्चीवर साड्या अंथरून सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. तासाभराने त्या खाली आल्या, हातात एक कुरडई, आणि काही न बोलता ती माझ्या हातात दिली. बोटाला पिवळसर पूड लागली. सागच.

दोष पिशवीचा. जुन्या कापडी पिशव्या तीसेक मायक्रॉनहून मोठेच कण धरतात. ढलप्या आत राहतात आणि जे फुप्फुसात जायला नको तेच नेमकं बाहेर फेकलं जातं. कलेक्टर खोलीत असता तर ते यंत्र नव्हे, धुळीचं कारंजं झालं असतं. औषध आणि सिमेंट कारखान्यांच्या फिल्टर पिशव्या शिवणारे एमआयडीसीत असतात. तिथल्या एकाकडून नीडल फेल्टची (दाट नमद्यासारख्या कापडाची), जवळजवळ दुप्पट उंचीची पिशवी शिवून घेतली. उंची महत्त्वाची: कापड दाट झालं की हवा अडते, ती भरून काढायला क्षेत्रफळ वाढवावं लागतं. पिशवीचा तळ बसवताना कुंकवाची नळी पुन्हा कामाला आली. पिशवीच्या आतला दाब नवी असताना किती ते पट्टीवर खूण करून ठेवलंय; पाणी त्या खुणेच्या फार वर गेलं की झटकायची वेळ झाली.

कलेक्टर आत ठेवायचा की बाहेर, यावर परदेशी लोकांची मोठी वादावादी असते. त्यांचं म्हणणं खरं आहे: हिवाळ्यात हीटर लावून गरम केलेली हवा बाहेर कशी फेकायची? म्हणून ते महागडे फिल्टर लावून तीच हवा आत परत आणतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये मला खोलीतली हवा जपून ठेवायची काहीच हौस नाही. माझ्या खोलीत सुमारे ३६ घनमीटर हवा मावते. कलेक्टर तासाला पाचशे घनमीटर जरी ओढत असला तरी दर चार-साडेचार मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बदलते. म्हणजे भुसा ओढणारं यंत्रच एक्झॉस्ट फॅनचंही काम करतं. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दार उघडायला जोर लावावा लागतो. मागच्या पत्र्याच्या पडवीत कलेक्टर कायमचा बसवला. वाळवणाच्या दिवसांत दुपारी बंद, हा घरगुती करार.

वायरिंगने एक आठवडा खाल्ला. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. थिकनेसर आठ. दोन्ही एकाच सोळा अँपिअरच्या सॉकेटवर चालणार नाहीत, हे गणित मी मल्टिप्लग घेऊन आल्यावर केलं. इलेक्ट्रिशियन दादांनी मल्टिप्लग बाजूला ठेवला आणि मीटरपासून कलेक्टरसाठी चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली. एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आधी बी कर्व्हचा होता, मोटर सुरू होताना दर तिसऱ्या वेळी पडायचा. सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा सी कर्व्हचा लावल्यावर थांबलं.

मे

पाइप. १०० मिलिमीटरचा तयार डस्ट पाइप मागवला तर किंमत आणि कुरिअर मिळून डोळे पांढरे झाले. त्याऐवजी हार्डवेअरमधला ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप, बाथरूमच्या सांडपाण्याचा. सरळ लांबी त्याची, आणि शेवटचा हात-दीड हात फक्त लवचीक होज, कारण होजच्या आतल्या वळ्या हवेला अडवतात. काटकोनी एल्बो टाळा. ४५ अंशांचे दोन लावून मधे वीतभर तुकडा टाकला की वळण मोकळं होतं. कलेक्टरचं तोंड १०० आणि पाइप ११०, ते जुळवायला सायकलची जुनी ट्यूब आणि क्लॅम्प. दिसायला गबाळं आहे, हवा गळत नाही.

पाइपाला हात लागला की बारीक झटका बसतो, स्थिर विजेचा. पीव्हीसीमुळे घरातलं वर्कशॉप पेटतं अशी भीती घालणारे भेटतील. एवढ्या कमी धुळीत ते घडणं फार अवघड आहे, मी झटका चुकवायला म्हणून बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थला जोडली. खरी आगीची भीती वेगळीच: पटाशीला धार लावताना ग्राइंडरच्या ठिणग्या याच पाइपात जाऊ देऊ नका. भुशात ठिणगी तासन् तास धुमसते. माझा ग्राइंडर आता खोलीच्या बाहेर आहे.

परवा रात्री पुन्हा टॉर्चचा प्रयोग केला. थिकनेसरवर चार फळ्या, मग वीस मिनिटं सँडिंग, कलेक्टर आणखी दहा मिनिटं तसाच चालू, मग अंधार. झोतात तुरळक कण दिसले, मोजता येतील एवढे. टेबल सॉ मात्र नापास. खालून ओढ चांगली आहे, पण ब्लेड वरच्या बाजूने जी पूड माझ्याकडे उडवतं ती तशीच उडते. ब्लेडवर पाइप जोडलेलं झाकण केल्याशिवाय इलाज नाही. तोवर सॉवर असताना एन९५ मास्क चालूच.

राहिलेली कामं: सॉचं झाकण (अॅक्रिलिकचा तुकडा आणलाय), तीन यंत्रांसाठी तीन सरकत्या झडपा (ज्या यंत्रावर काम चालू नाही तिकडची हवा बंद करायला), आणि जूनच्या आत पडवीच्या पत्र्याला खाली ताडपत्री, कारण फेल्टची पिशवी ओली झाली की पुडीचा चिखल होतो. ड्रमातला निव्वळ सागाचा भुसा शेजारचे आजोबा बागेतल्या वाटेवर टाकायला नेतात. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्या) आणि प्लायचा मी वेगळा ठेवते, त्यात डिंकाची रसायनं असतात, तो बागेत नको आणि बंबात तर नकोच.

झडपा कुणी प्लायच्या केल्या असतील तर फटीची मापं कळवा. माझी पहिली झडप पावसाळी हवेत फुगून आत्ताच घट्ट बसायला लागलीय.