उद्यमबागेतून धारवाडला

रविवार, रात्री

उद्या पहाटेची धारवाड गाडी. बॅग भरून ठेवली तर बायको म्हणाली, "घरात दप्तरं दोन झाली." मुलगी दहावीला आणि मी क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा हजेरी, जर्नल, तोंडी परीक्षा. आईचा प्रश्न अजून तोच, "म्हणजे तू येड्यांचा डॉक्टर होणार काय रे?" मी डॉक्टर होणार नाही आणि ती माणसं येडी नाहीत, हे दोन्ही एका दमात सांगायला जातो आणि दोन्ही राहून जातं.

लोकांना वाटतं, मानसशास्त्रात एमए केलं की झालं. ते मी इग्नूतून केलं, नोकरी सांभाळून, सेकंड शिफ्ट संपल्यावर वाचून. पण त्यावर रुग्णाची तपासणी करून सही करता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीसाठी दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालचं शिक्षण. पूर्णवेळ हा शब्द घरी सांगताना मी जरा हळू उच्चारला होता. पीएफ काढला. शेतातल्या काजूचे पैसे पहिल्यांदाच हिशेबात धरले. बाकी घर बायकोच्या पगारावर चाललंय. मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे माझ्या पुस्तकातल्या निम्म्या गोष्टी तिला वर्गात बघून माहीत आहेत. मी एखादी नवी संज्ञा उत्साहाने सांगायला घेतली की ती म्हणते, "असला एक माझ्याकडं पाचवीत आहे."

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज यांच्यातच वय गेलं. तिथं बिडी गावाकडचा एक पोरगा कंत्राटावर हेल्पर होता. कास्टिंगवर हातोडीची टिचकी मारायचा आणि नुसत्या आवाजावरून तडा आहे की नाही सांगायचा. कँटीनमध्ये मात्र कधी आला नाही. ताटांचा आवाज त्याला सोसायचा नाही, डबा कंपाउंडच्या भिंतीपाशी बसून खायचा. सुपरवायझर त्याला खुळा म्हणायचे. मग शिफ्ट फिरवायचं ठरलं. दर आठवड्याला वेगळी वेळ, वेगळी माणसं. तो दोन-चार दिवस गेटपर्यंत येऊन परत गेला आणि नंतर आलाच नाही. कंत्राटदाराने दुसरा पाठवला.

ही गोष्ट सांगायला मी अलीकडे कचरतो. ऐकणारा लगेच म्हणतो, अशा पोरांच्यात काहीतरी दैवी असतं बघा. नसतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या बहुतेकांना असं विशेष काहीही येत नाही, आणि भिंतीपाशी बसून जेवायची मुभा त्यांनाही पाहिजे असते. माझ्या डोक्यात राहिलं ते त्याचं कसब नव्हे. एका शिफ्टच्या कागदाने माणूस गेला आणि कुणाला त्यात काही गेलंय असं वाटलंही नाही, ते राहिलं.

मंगळवार

आज तालुक्याच्या दवाखान्यात टीमबरोबर. कर्नाटकात तालुका दवाखान्यांत मंगळवारी मानसिक आजारांची ओपीडी चालते, मनोचैतन्य नावाने. मानसिक आरोग्य जिल्ह्याच्या गावापर्यंत न्यायचं हा विचारही मूळ इकडचाच. १९९६ साली देशभर जो जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचा नमुना बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने आधी बळ्ळारीत करून बघितला होता. पण ओपीडीला येणारे बहुतेक झोपेच्या, फिटच्या, दारूच्या तक्रारी घेऊन येतात. "पोरगं बोलत नाही" म्हणून येणारी बाई रांगेत शेवटी असते. आपण चुकीच्या रांगेत तर नाही ना, अशी तिला धास्ती असते.

आजची बाई खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडची, सात वर्षांच्या मुलाला घेऊन. सासूने कौल लावला होता. देवीनं उजवा दिला म्हणून सरकारी दवाखान्यात आणलं. आमच्यातला एकजण हसला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तिकडच्या गावांत देवळाची परवानगी घेऊन निघालेल्या बाईला परत गेल्यावर घरात कमी ऐकून घ्यावं लागतं. देवीने पाठवलेली केस ही आमच्यासाठी चांगली केस.

ऑटिझमसाठी आपल्याकडे इसा नावाची भारतीय मोजपट्टी आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी हीच चालते. प्रश्न कानडीत चालले होते. बाईला कानडी बाजारापुरतं येतं. ती प्रत्येक प्रश्नाला "हौद्री" म्हणत होती आणि गुण वर चढत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून आपल्या बोलीत सुरू केलं. "अक्का, घाई नाही. हाक मारली की वळून बघतो काय?" "माझ्या हाकेला बघतंय की. मास्तरच्या नाही." झालं, तो एक मुद्दाच बदलला. बेरीज खाली आली. सौम्य-मध्यमच्या सीमेवर.

मुलगा मधेच म्हणत होता, "मुंद होग्री, मुंद होग्री." पुढे सरका, पुढे सरका. बसमधल्या कंडक्टरची नक्कल, तोच चढा सूर. फॉर्मवर ते निरर्थक पुनरुक्ती म्हणून गेलं असतं. आईला विचारलं, घरी कधी म्हणतो? "पावणे आले, घरात माणसं जास्त झाली की." म्हणजे पोरगं सांगतंय की गर्दी झाली, मला इथून काढा. ओपीडीच्या खोलीत आम्ही सहाजण उभे होतो. तिघांना बाहेर पाठवलं. पोरगं गप्प झालं आणि टेबलावरचा शिक्का उलटसुलट करून बघत बसलं.

कारखान्यात गो–नो-गो गेज असतो. गोचं टोक आत गेलं आणि नो-गोचं अडलं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट, मध्ये काही नाही. मी पंधराएक वर्षं ते हत्यार हातात धरलंय, म्हणून त्याची भूल मला लवकर कळते. इसाचा आकडा लागतोच. तो नसेल तर दाखला नाही, दाखला नाही तर काहीच नाही. पण कुणी, कोणत्या भाषेत, किती माणसांच्या देखत विचारलं यावर गेजच जर ताणला जात असेल, तर आधी गेज तपासायला हवा. तो मुलाच्या पुढे धरायची गोष्ट नंतरची.

विभागाच्या कपाटात बिने-कामत बुद्धिमापन चाचणीचा जुना संच आहे. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात इंग्रजी चाचणी इकडच्या मुलांसाठी बसवली ती मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात, मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाला दोन्ही कराव्याशा वाटल्या. आजही कुठे कुठे एकाच भाषेचा फॉर्म पुढे सरकवतात तेव्हा मला ते कपाट आठवतं.

गुरुवार, जांबोटीकडून परत येऊन

पाऊस थांबायचं नाव नाही. आशाताईंबरोबर त्या घरी गेलो. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे इकडच्या बायकांना सरकारी बस फुकट आहे, म्हणून ती आई तालुक्याला तरी येऊ शकते. आशाताईंची महाराष्ट्रात चंदगडकडे दिलेली बहीण इकडे माहेरी आली की तिला तिकीट काढावं लागतं, तिकडचं आधार कार्ड इकडे चालत नाही. बसमध्ये त्या दोघींचा यावरून ठरलेला वाद असतो म्हणे.

घरी मुलगा वेगळाच. दवाखान्यात ज्याने नजर वर केली नाही तो माळ्यावरून उतरून माझी छत्री उघड-मीट करत बसला. आजीच्या मागे मागे गोठ्यात जातो, म्हशीला वैरण घालतो. एका ठिकाणी मात्र गाडी अडलीय, आणि ते ठिकाण चाळीस मुद्द्यांत कुठेच नाही: शाळेची जेवणाची सुट्टी. अक्षर दासोह या सरकारी योजनेचं जेवण, शंभरेक पोरांचा कल्ला, स्टीलची ताटं, उकडलेल्या अंड्याचा वास. मुलगा कान झाकून ओरडतो. शाळेने उपाय काढला, जेवणाच्या आधी घरी न्या. न्यायला आई. म्हणजे आईला काजू फॅक्टरीत जाता येत नाही, तिचा रोज बुडतो. मग सासूची बोलणी, मग दीराची. घरातली अर्धी कुरबूर त्या एका तासातून निघते, आणि सगळे म्हणतात पोरगं अवघड आहे.

आईला वाटत होतं मी काहीतरी थेरपी सांगणार. मी विचारलं, व्हरांड्यात, घंटेच्या आधी, एकटं बसून जेवेल काय? ती म्हणाली, "जेवंल की. तसं कोण बसू देणार?"

शेजारच्या घरी चहाला बोलावलं. तिथं पन्नाशीचा एक गृहस्थ, भावाच्या घरात राहतो. लाकडं लांबीप्रमाणे रचतो, गुरं नेतो, गुरं आणतो, कुणाशी बोलत नाही. गाव म्हणतं, तो तसाच आहे. त्याच्यासाठी कुणी कधी डॉक्टर बघितला नाही आणि बघायची गरजही पडली नाही. मला हे ऐकून बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "सर, उताऱ्यावर ह्याचं नाव आहे. वाटणी करायची तर हा सही करत नाही. काय करायचं?" आणि वैनी आतून म्हणाली, "आणि आमच्या मागं ह्यांना कोण घालणार?"

गावाने सामावून घेतलेला माणूस कागदापाशी येऊन असा उघडा पडतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमायची सोय आहे, त्यासाठी जिल्ह्याला समिती असते. पण तिथे जायला आधी दाखला, दाखल्याला तपासणी, तपासणीला धारवाड किंवा बेळगाव. तो गृहस्थ शेवटचा बसमध्ये कधी बसला हे घरात कुणालाच आठवेना. आणि पालक नेमायचा तो जमिनीसाठी की त्याच्यासाठी, हे मला भावाच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. वैनीच्या बाबतीत मला शंका नाही.

शनिवार

दिवसभर कागद. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, त्या यादीत स्वतंत्रपणे नाहीच. त्यामुळे एका जागी न बसणाऱ्या, फळ्यावरचं अर्धंच उतरवणाऱ्या पोराच्या बापाला मी काय हातात देऊ? शिक्षकांना पत्र लिहून देतो. पत्राला वजन नसतं, पण मराठीत लिहिलेलं असलं की निदान वाचलं जातं.

आणि ती सहावीतली मुलगी. मराठी माध्यम, वर कानडी, वर इंग्रजी. तीन लिप्या, तिन्हीत अडखळते. कानडीत तपासलं तर अध्ययन अक्षमता ठळक दिसते. पण कानडी तिच्या कानावर शाळेतच पहिल्यांदा पडलं. मराठीत तपासलं तर अडखळते, पण कमी. मी अजून निष्कर्ष लिहिलेला नाही. सर म्हणाले घाई करू नको. बाप म्हणतो शाळा दाखला मागतेय. दोघांचंही बरोबर आहे. बायकोला विचारलं तर तिने उलट विचारलं, "तिला घरी कुणी कधी पुस्तक वाचून दाखवलंय का?" हे मी नोंदीत घेतलं नव्हतं, घेतलं.

यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचं, मात्र बरं आहे. ते देशभर चालतं, चंदगडला आणि खानापूरला सारखंच. या भागात असं म्हणता येईल अशा गोष्टी थोड्या आहेत.

सोमवारी हेडमास्तरांना फोन करायचा. अंडं न खाणाऱ्याला केळं देतात, ते त्यांनाही माहीत आहे. प्रश्न खाण्याचा नाही, वासाचा आणि आवाजाचा आहे, हे समजावून सांगायचं. व्हरांडा, घंटेच्या दहा मिनिटं आधी, ताटाऐवजी घरचा डबा. एक आठवडा करून बघू म्हणायचं, कायमचं म्हणायचं नाही. नाही म्हणाले तर बायको त्यांच्या पत्नीला ओळखते, त्या वाटेने जायचं. काजू फॅक्टरीचा मुकादम आईला परत घेतो का, ते आशाताई बघणार आहेत.