तुम्ही विचारलंत म्हणून: आधी रंगवायचं, मग बघायचं

मुलांना आम्ही शाळेत घातलेलं नाही हे कळलं की दोन-तीन प्रश्नांनंतर हा येतोच, की एवढ्या लहान पोरांना मोनालिसा नि होकुसाई हा जपानी चित्रकार कशाला, आणि तेही छापील पानं रंगवायला देऊन, त्याने कल्पनाशक्ती मरत नाही का? परवा कॉलेज रोडला एका मैत्रिणीने परत विचारलं, म्हणून यावेळी नीट लिहिते.

मोठी सात वर्षांची, धाकटा साडेचारचा. चित्रकार कुठे जन्मला, कधी वारला हे सांगायला गेलं की दोघं दोन मिनिटांत पळतात, मी करून बघितलंय. पण तेच चित्र नुसत्या रेघांमध्ये समोर ठेवलं आणि तेलखडूंचा डबा उघडून दिला की पाऊण तास हलत नाहीत. एका चित्रासमोर पाऊण तास आपण मोठे तरी कधी बसतो?

सुरुवातीला माझं चुकलं. मी मूळ चित्र आधी दाखवायचे आणि मग पान द्यायचे, तर मोठी अगदी तोच रंग शोधत बसायची आणि नाही सापडला की रडून पान फाडायची. आता उलटं करतो. आधी पान, रंग ज्याचे त्याचे, दुसऱ्या दिवशी मूळ चित्राचा प्रिंट शेजारी चिकटवायचा आणि मी गप्प बसायचं. मोनालिसाचं पान नेटवरून घेतलेलं, त्यात कोणीतरी छान कमानदार भुवया काढल्या होत्या. प्रिंट बघितल्या बघितल्या मोठी ओरडली, "आई, हिला भुवयाच नाहीयेत!" मला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं.

तेव्हापासून पानं मीच काढते. चित्राचा प्रिंट, त्यावर ट्रेसिंग पेपर, सकाळच्या उन्हात खिडकीच्या काचेवर चिकटवून काळ्या पेनाने फक्त मुख्य रेघा, आणि मग जाड कागदावर झेरॉक्स. कागद पातळ घेऊ नका, तेलखडू दाबला की फाटतो.

होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची, लाकडी ठशांनी छापलेली. ठसे म्हणजे काय ते कळायला आम्हाला चार भेंड्या पुरल्या. तर ती लाट धाकट्याने चक्क विटकरी रंगवली, कारण पावसाळ्यात गोदावरीला पूर आला तेव्हा त्याला लांबून दाखवायला नेलं होतं, पाणी सगळं गढूळ, आणि आजूबाजूला जो तो नाशिकच्या नदीपात्रातल्या शेंदरी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं तेवढंच बोलत होता. चित्रात मागे छोटासा फुजी डोंगर आहे, त्याला याने शेंदरी रंग दिला. मारुती म्हणून! दुसऱ्या दिवशी निळी लाट बघून म्हणाला, "यांच्याकडे माती नाहीये का?" मग समुद्राचं पाणी वेगळं का दिसतं यावर आमची अख्खी सकाळ गेली.

कल्पनाशक्तीची शंका खोटी नाही हं. दिवसभर पानंच रंगवली तर मुलं रेघेच्या बाहेर जायला घाबरतील, असं मलाही वाटतं. म्हणून आठवड्याला एकच पान, बाकी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा कायम त्यांच्या हाताशी. त्या लाटेनंतर धाकटा महिनाभर त्यावर नुसते पूर काढत होता.

सध्या सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली बाई चालू आहे. मूळ चित्र जलरंगातलं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असतं, आणि खूप जण ते रविवर्म्याचं समजतात, माझ्या सासूबाईंनाही तसंच वाटायचं. काल मोठी अडली. हिने ज्योतीवर हात धरलाय तर बोटांना रंग कुठला द्यायचा? मी सांगितलं नाही. संध्याकाळी लाईट घालवले, सासूबाईंनी देवघरातलं निरांजन आणलं आणि ज्योतीपुढे स्वतःचा हात आडवा धरला, तर बोटांच्या मधल्या कडा लालभडक. मोठी कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग डब्यातून लाल नि केशरी असे दोन खडू काढून पानावर ठेवून दिले. उद्या सकाळी रंगवणार आहे म्हणे.