पंचहौद ते केडगाव, पायी

१२ डिसेंबर, शुक्रवार. पहाटे पावणेपाचला गुरुवार पेठेत आमच्या पंचहौदच्या चर्चपाशी आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. थंडी एवढी की बोललं की तोंडातून वाफ, आणि वर १८८५ सालचं ते दगडी देऊळ अंधारात नुसतं काळं दिसत होतं. जाऊबाईंनी छोटी प्रार्थना केली. मी डोळे मिटले फक्त. खरं सांगायचं तर आठ महिने मी फक्त डोळेच मिटत होते.

एप्रिलमध्ये ह्यांना स्ट्रोक आला. वय ४६. सकाळी दात घासता घासता हातातून ब्रश पडला आणि मग उजवी बाजू सगळी गेली आणि बोलणंही गेलं, डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. समजतं बरंचसं पण शब्द निघत नाही. एकच शब्द राहिलाय, "हो". चहा हवाय? हो. नको? हो. दुखतंय? हो. चिडलात का माझ्यावर? हो. चर्चच्या क्वायरमध्ये वीस वर्षं बास गायलेला माणूस हा. त्या आवाजात आता एक हो उरलाय आणि त्याचा अर्थ आपण तोंडाकडे बघून लावायचा.

मग हॉस्पिटलचं बिल, विम्याचा क्लेम रिजेक्ट, घराचा ईएमआय, मुलाची बारावी. मी हडपसरला एका गोडाऊनमध्ये बिलिंगला आहे, पगार किती असणार. हे सगळं कसंतरी ओढत होते हो, पण एका प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या बाई घरी येऊन ह्यांच्यासमोर म्हणाल्या की विश्वास कमी पडतोय तुमचा, विश्वास असता तर आत्तापर्यंत उठून चालले असते. ह्यांना ते समजलं. मी बघितलं ना, डोळ्यातून पाणी आलं त्यांच्या. त्या दिवसापासून माझ्या तोंडातून प्रार्थना निघेना. रविवारी चर्चला जायचे, गाणी म्हणायचे, घरी यायचे, आत मात्र सगळं कोरडं. रात्री ह्यांची कूस बदलताना मनात यायचं, कोणी ऐकतच नसेल तर?

चालायचं डोक्यात घातलं ते शेजारच्या काकूंनी. काकू दरवर्षी आषाढीला तुकोबांच्या पालखीसोबत पंढरपूरला जातात. नोव्हेंबरात एकदा जिन्यात मला रडताना बघितलं आणि म्हणाल्या, बसून रडू नको, चालून रड. मग म्हणाल्या, तुमचं पंढरपूर कुठं गं? मला काही सुचेना, जेरुसलेम तर काही आपल्याच्यानं होणार नाही, आणि अचानक तोंडातून निघालं, केडगाव. माझी आजी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली, पोरकी होती, तिला आई म्हणून तेवढंच ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, अगं मग चौफुल्यापर्यंत आमचीच वाट की! लोणी, यवत, वरवंड, असंच जातो आम्ही. नवीन बूट घालायचे नाहीत, झोपताना तळव्यांना खोबरेल, बोटांच्या मधे व्हॅसलिन, आणि ऊन वर यायच्या आत निम्मं अंतर. सगळं त्यांनीच शिकवलं. ह्यांच्याकडे दोन दिवस दीर आणि मुलगा बघणार होते.

तर पुलगेट, फातिमानगर, रामटेकडी करत हडपसरच्या गाडीतळावर आलो तेव्हा कुठे उजाडलं. माझ्या गोडाऊनचा फाटा मागे पडला आणि बरं वाटलं. मांजरीच्या पुढे मात्र सोलापूर हायवे म्हणजे कंटेनर आणि उसाचे ट्रॅक्टर, एकामागून एक, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर मातीतून चालायचं आणि धूळ खायची. वारीत लाखो माणसं असतात म्हणून रस्ता माणसांचा होतो, आम्ही दोघीच होतो. लोणी काळभोरला भजी आणि चहा. थेऊर फाट्यापाशी जाऊबाईंचा गुडघा धरला, बसलो, परत उठलो. संध्याकाळी उरुळी कांचनला पोचलो, त्यांच्या ओळखीचं एक घर होतं तिथे मुक्काम. साधारण तीस किलोमीटर झाले असतील.

रात्री पाय एवढे ठणकत होते की झोप लागेना. फोनवर पवित्र शास्त्र उघडलं. आगमनकाळ चालू होता, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती, ३० नोव्हेंबरला पहिली लागली होती, आणि येत्या रविवारी तिसरी, ती गुलाबी, आनंदाची. त्या रविवारचा धडा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. मी मनात म्हटलं, आनंदाच्या रविवारी काय वाचायचं असतं बघू तरी. आणि काय निघालं, तर बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात! ज्यानं यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला, ज्यानं बोट दाखवून हाच तो म्हणून लोकांना सांगितलं, तोच आता कोठडीतून शिष्यांना पाठवून विचारतोय की येणार होता तो तूच, का आम्ही दुसऱ्या कोणाची वाट बघायची?

लहानपणापासून वाचलाय हो हा धडा, पण त्या रात्री उठून बसले. येशू त्याला रागावत नाही. विश्वास कमी पडला म्हणत नाही. उलट शिष्यांची पाठ वळल्यावर लोकांसमोर योहानाचं कौतुक करतो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्यापेक्षा मोठा कोणी नाही म्हणतो. शंका विचारली त्याच दिवशी, बरं का. त्या बाईंना हे वाचून दाखवावं असं वाटलं मला, खरंच वाटलं.

पण त्यातच काटा पण आहे. येशू निरोप पाठवतो, आंधळे बघतायत, पांगळे चालतायत. मी तिथेच अडले. माझा पांगळा तर नाही चालत. आणि योहान तरी कुठे सुटला? हेरोद राजानं मान उडवलीच त्याची. दुसऱ्यांचे पांगळे चालले ही बातमी त्याला कोठडीत मिळाली आणि तेवढ्यावर त्याला राहावं लागलं. याचं उत्तर मला नाही सापडलं, अजूनही नाही. एवढंच दिसलं की शंका आली तेव्हा त्यानं दुसरीकडे कुठे विचारलं नाही, माणसं पाठवली ती येशूकडेच.

शनिवारी पहाटे पाचला परत रस्त्यावर. कासुर्डीचा टोलनाका, मग यवत. काकूंनी बजावलं होतं, यवतला पिठलं भाकरी खा, पालखीला तिथे तेच असतं. मिळाली एका हॉटेलात, गरम. भांडगावच्या पुढे रस्त्याला लागून एक गुऱ्हाळ दिसलं आणि जाऊबाई म्हणाल्या आता मी बसणार. काहिलीत रस उकळत होता, खाली चुलाणात उसाची वाळलेली चिपाडं सारत होते, गुळव्या मोठ्या झाऱ्यानं वरची मळी काढून बाजूला टाकत होता, परत फेस, परत मळी. बराच वेळ बघत बसले मी. विचारलं, झाला हे कसं कळतं हो दादा? म्हणाला, वरून अंदाज येतो, पण खात्री करायची तर पाण्यात थेंब टाकायचा, गोळी झाली की झाला. आणि हात न थांबवता विचारलं, कुठं निघालात माऊली? म्हटलं केडगावला, मुक्तीत. पायी? पुण्यापासनं? मग वारीच की, म्हणाला, आणि हातावर गरम गुळाचा खडा ठेवला. जीभ भाजली पण सोडवेना.

ना. वा. टिळक म्हणायचे ना, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो. शाळेपासून ऐकलंय. त्या रस्त्यावर चालताना ते पायांना कळलं.

चौफुल्याला पालखीची वाट सोडून केडगावकडे वळलो, आणि तीनच्या सुमारास मुक्तीत. गेटवर रजिस्टरमध्ये नावं लिहिली. देवळात आत गार होतं, मोठं रिकामं देऊळ, आम्ही चपला काढून मागच्या बाकावर बसलो. मला वाटलं होतं इथे आल्यावर रडू येईल, काहीतरी फुटेल आत. तसं काही झालं नाही. पाय थरथरत होते तेवढंच. मग मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, तूच आहेस का, का दुसऱ्या कोणाची वाट बघू? आठ महिन्यांनी पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले. उत्तर आलं नाही. पण मी परत विचारलं, आणि मग ह्यांचं सगळं सांगितलं, क्लेमचं, ब्रश पडल्याचं, त्या बाईंचं, सगळं, भांडल्यासारखं. जाऊबाई शेजारी डुलक्या घेत होत्या.

नंतर पंडिता रमाबाईंच्या कबरीपाशी गेलो. ही बाई काय चालली असेल विचार करा, आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी, आणि दुष्काळात घरातली माणसं एकेक करून गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तरी तिथल्या सिस्टरांशी पत्रातून वाद घालत राहिल्या, पटल्याशिवाय मान डोलावणार नाही म्हणून. १८९६ च्या दुष्काळातल्या पोरी आणून इथे जगवल्या. हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणायला बसल्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः. माझ्या आजीच्या तोंडात "बाई" म्हणजे ह्याच. आजीनं त्यांना पाहिलं नव्हतं, तरी घरातल्या माणसासारखं बोलायची. मी तिथे खिशातला गुळाचा उरलेला तुकडा काढला, निम्मा जाऊबाईंना दिला.

येताना पुण्याची गाडी पकडली. दोन दिवस चाललेलं सगळं खिडकीतून मागे गेलं, यवत, उरुळी, लोणी. घरी पोचायला नऊ वाजले. मुलानं खिडकीत नाताळची चांदणी लावली होती, बल्ब मात्र लागत नव्हता, वायर कुठेतरी लूज. मी ह्यांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि मोजे काढले, डाव्या टाचेला दोन रुपयाएवढा फोड. ह्यांनी बघितला. "आ" असं काहीतरी केलं तोंडानं. मग डाव्या हातानं उशाशी चाचपून व्हॅसलिनची डबी काढली, त्यांच्याच टाचांना लावायला ठेवलेली, आणि झाकण निघेना म्हणून छातीशी धरून पिरगाळत बसले. मी मदत करायला गेले तर हात बाजूला केला माझा. पाच मिनिटं लागली असतील. निघालं.