तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फॉर्मचं पुढे काय होतं?

नव्याने लागलेले प्राध्यापक विचारतात. पास होऊन गेलेली मुलं नवी पेठेत भेटली की विचारतात. परवा एसटीत शेजारी बसलेल्या एका पालकांनीही विचारलं, "मॅडम, पोरं ते फीडबॅकचे फॉर्म भरतात, त्याचं पुढे खरंच काही होतं का हो?"

होतं. पण नुसता फॉर्म भरून घेतला म्हणून होत नाही.

मी सोलापुरात बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवते. आमचं विद्यापीठ २००४ सालचं, एकाच जिल्ह्यापुरतं. वर्गात बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट सगळीकडची मुलं असतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, आणि पुस्तक इंग्रजी.

नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २१ प्रश्न असतात. पहिला, अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला. विसाव्यापर्यंत पर्याय निवडायचे, आणि एकविसाव्यात मुलांनी आपल्या शब्दांत सूचना लिहायच्या. चर्चा होते ती विसांच्या आकड्यांची. मी एकविसाव्यापासून वाचायला घेते.

सरासरी हा माझ्या रोजच्या शिकवण्याचा विषय, म्हणून सांगते. ६० मुलांच्या वर्गात सगळ्यांनी ३ गुण दिले तर सरासरी ३. तिसांनी ५ दिले आणि तिसांनी १, तरी सरासरी ३च. पहिल्या वर्गात शिकवणं बेताचं आहे. दुसऱ्या वर्गात अर्धी मुलं मागे सुटली आहेत, आणि आपल्याला पत्ता नाही. शिवाय जी मुलं पहिल्या चाचणीनंतर येईनाशी झाली, यंत्रमागावर किंवा दुकानात कामाला लागली, ती फॉर्म भरायलाच नसतात. मला सगळ्यात जास्त ऐकायचं असतं ते त्यांचंच.

आकड्यात आणखीही काही मिसळतं. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कोर्सवरचा प्रयोग २०१५ साली छापून आला. शिकवणाऱ्या बाई आणि पुरुष, दोघांनीही एका गटाला आपलं खरं नाव सांगितलं आणि दुसऱ्या गटाला एकमेकांचं. मुलं अवघी ४३. गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी तपासून मिळाला होता. तरी 'वेळेवर तपासतात' या मुद्द्यावर पुरुष समजल्या गेलेल्यांना पाचपैकी ४.३५ आणि बाई समजल्या गेलेल्यांना ३.५५. एवढ्याशा प्रयोगावरून सगळीकडचं ठरवता येत नाही. पण तरुण सहकारी प्राध्यापिकांबद्दल मुलांनी भरलेले फॉर्म वाचताना तो माझ्या डोक्यात असतो. त्यांची पगारवाढ किंवा नोकरी नुसत्या सरासरीवर तोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? सत्र संपल्यावर भरलेला फॉर्म पुढच्या वर्षीच्या मुलांच्या कामी येतो, भरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून मी पाचव्या-सहाव्या आठवड्यात तासाची शेवटची सात मिनिटं राखून ठेवते. प्रत्येकाला चतकोर कागद. नाव नाही, रोल नंबर नाही. दोन प्रश्न: कुठे अडलं? मी काय बदलू? आणि मी वर्गाबाहेर जाते. माझ्या पहिल्या नोकरीत शिक्षकासमोरच, रोल नंबर घालून फॉर्म भरून घ्यायचे. सगळ्यांना पाचपैकी पाच! अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्यासमोर खरं कोण लिहील?

पहिल्याच वर्षी एका चिठ्ठीवर होतं: "तुम्ही 'हे सोपं आहे' म्हणता, मग विचारायची भीती वाटते." मी तो कागद हातात धरून स्टाफरूममध्ये किती वेळ बसले कोण जाणे. मुलांना धीर यावा म्हणून मी ते वाक्य म्हणत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात चिठ्ठी वाचून दाखवली, चूक कबूल केली, आणि पुन्हा म्हणाले तर हात वर करा असं सांगितलं. त्या महिन्यात चार वेळा हात वर झाले.

ही परतफेड नसेल तर चिठ्ठ्या घेऊच नयेत. कुठली सूचना पाळणार, कुठली नाही आणि का नाही, हे मी तासाला उभं राहून सांगते. "पेपरला येणारंच शिकवा" ही मागणी दरवर्षी येते. दरवर्षी नाही म्हणते, आणि कारणही सांगते.

एक चिठ्ठी कन्नडमध्ये आली. मला वाचता येईना. वर्गात कुणाला दाखवली असती तर अक्षरावरून मूल ओळखू आलं असतं, म्हणून ग्रंथालयातल्या बाईंकडे नेली. त्यांनी वाचलं: "शब्दांचे अर्थ कळतात, पण गणित कुठून सुरू करायचं ते कळत नाही." मी दोन दिवस माझ्याच वहीतली सोडवलेली गणितं चाळली. प्रत्येक ठिकाणी मी सूत्रापासून सुरुवात केली होती. सूत्र का निवडलं, ते माझ्या डोक्यातच राहिलं होतं. तेव्हापासून फळ्याच्या डाव्या बाजूला उभी रेघ मारून रकाना करते: काय दिलंय, काय काढायचंय, म्हणून कोणतं सूत्र. रकाना आधी मुलं भरतात, मगच मी खडू पुढे नेते. कन्नड चिठ्ठीचं नाव मी वर्गात काढलं नाही.

या सत्राच्या चिठ्ठ्या काल घेतल्या. एकीवर लिहिलंय, "डावा रकाना लगेच पुसू नका, शेवटच्या बाकावर उतरवून होत नाही." उद्याच्या तासाला तो शेवटपर्यंत ठेवणार आहे.